काटा नाचतो तेव्हा: मीटर खोटा की इंजिन?

दसऱ्याच्या आगेमागे सोनपेठ तालुक्यात सोयाबीनची काढणी उरकते, शेताशेतांत गंजी लागतात आणि ट्रॅक्टरमागे जोडलेली मळणी यंत्रं रात्रंदिवस एका गंजीवरून दुसऱ्या गंजीवर फिरतात. या धांदलीत डॅशबोर्डवरचा आरपीएमचा काटा थरथरतो, मध्येच शून्यावर पडतो, नाहीतर इंजिन संथ असताना दोन हजारांच्या पुढे उडी मारतो. ड्रायव्हरला ते दिसत असतं. पण त्यावर दस्ती टाकून काम पुढे चालू राहतं. ट्रॅक्टर ओढतोय ना, मग काट्याचं काय लोणचं घालायचं?

नांगरटीला हे चालून जातं. मळणीला चालत नाही, आणि बियाण्याच्या मळणीला तर मुळीच नाही. सोयाबीनच्या दाण्याचं साल पातळ असतं आणि कोंब फुटण्याची जागा त्या सालाला लागूनच असते. ड्रमचा मार जास्त बसला की दाणा वरून धड दिसतो, पण पेरल्यावर उगवत नाही. म्हणून घरचं बियाणं ठेवायचं असेल तर ड्रमची गती मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवा, दाणा फार वाळलेला असेल तर आणखी कमी करा, असा कृषी खात्याचा सल्ला असतो. आता ही गती लावायची कशावरून? ड्रमवर मीटर नसतो. ट्रॅक्टरच्या काट्यावरूनच लावायची.

एक आकडेमोड करून बघा. समजा तुमच्या ट्रॅक्टरचं इंजिन १८०० आरपीएमवर असताना पीटीओ ५४० फेऱ्या घेतो आणि त्या वेळी मळणी यंत्राचा ड्रम ६०० फेऱ्या फिरतो. ड्रम ४०० वर आणायचा तर इंजिन १२०० वर हवं. तुम्ही काटा १२०० वर आणून ठेवला, पण मीटर २०० ने कमी दाखवतोय. इंजिन खरं तर १४०० वर आहे. म्हणजे ड्रम ४६७ वर गेला. बियाण्याचं नुकसान तिथेच झालं आणि ते कळणार पुढच्या जूनमध्ये, तिफण फिरून आठवडा झाल्यावर. (जाता जाता: इंजिनची रेस कमी करून ड्रम सावकाश केला की मळणी यंत्राचा पंखाही सावकाश होतो आणि दाण्यात भुसा राहतो. ड्रमची पुली बदलून गती उतरवणं केव्हाही चांगलं. पण तेव्हाही मूळ आकडा खराच हवा.)

बहुतेक जण काटा नाचू लागला की दोन टोकांचं वागतात. एक तर दुर्लक्ष, नाहीतर थेट पंप-नोझलच्या कामाला हात. दुसरं वागणं जास्त महाग पडतं. इंजिनला पाना लावण्याआधी मीटरची साक्ष दुसऱ्या कशावरून तरी पडताळून घ्यावी, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. पुढचं सगळं ते कसं करायचं याबद्दल आहे.

आधी कान, मग आकडा

ट्रॅक्टर मोकळ्या जागी उभा करा, गिअर न्यूट्रलला, पीटीओ बंद, हँडब्रेक ओढलेला. इंजिन गरम होऊ द्या. हात-रेस मध्यावर ठेवून एक मिनिट नुसतं ऐका. काट्याकडे बघू नका. शेजारच्या माणसाला बघायला सांगा आणि काटा हलला की हात वर करायला सांगा. त्याचा हात वर गेला त्याच क्षणी आवाजही चढला किंवा पडला, तर इंजिनच वर-खाली होतंय. हात वर गेला आणि आवाज मात्र एकसुरी, तर मीटर किंवा त्याची जोडणी खोटं बोलतेय. डिझेल इंजिनमध्ये शंभर-दीडशे फेऱ्यांचा फरकही सरावलेल्या कानाला कळतो. रोज त्याच ट्रॅक्टरवर बसणाऱ्याला तर हमखास कळतो. काटा एका झटक्यात १५०० वरून शून्यावर जाऊन परत आला तर ऐकायचीही गरज नाही. जड फ्लायव्हील असलेलं इंजिन अर्ध्या सेकंदात थांबून पुन्हा चालू होऊ शकत नाही. तो दोष मीटरकडचाच.

काटा स्थिर आहे, पण दाखवतो तो आकडा खरा की खोटा, हे मात्र कानाला कळत नाही. त्यासाठी दुसरं माप लागतं, आणि ते तीन तऱ्हांनी घेता येतं.

सगळ्यांत खात्रीचा फोटो टॅकोमीटर. हातात मावणारं, बॅटरीवर चालणारं साधन. क्रँकच्या पुलीवर सोबत मिळणाऱ्या चकचकीत पट्टीचा छोटा तुकडा चिकटवायचा, इंजिन चालू करून त्यावर प्रकाशाचा ठिपका धरायचा, आकडा समोर येतो. साधा फोटो टॅकोमीटर दीड-दोन हजारांच्या आत मिळतो. एकट्याने घेण्याची गरज नाही; गावातल्या शेतकरी गटाने किंवा मळणी यंत्र भाड्याने देणाऱ्याने एक घेऊन ठेवला तर सगळ्यांचं काम भागतं. पट्टी चिकटवताना इंजिन बंदच हवं, आणि ठिपका कुणाच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका. याच साधनाने मळणी यंत्राच्या ड्रमची पुलीही थेट मोजता येते; मग ट्रॅक्टरच्या काट्यावर विसंबायचं कारणच उरत नाही.

दुसरी तऱ्हा मोबाइलच्या कॅमेऱ्याची. पीटीओच्या दांड्यावर रंगाचा ठळक ठिपका द्या आणि मोबाइल विटेवर टेकवून, लांबून, स्लो मोशनमध्ये चित्रण करा. ५४० ची गती म्हणजे सेकंदाला ९ फेऱ्या. मोबाइल आठपट सावकाश दाखवत असेल तर खऱ्या १० सेकंदांचं चित्रण ८० सेकंद चालेल आणि त्यात ठिपका ९० वेळा वर यायला हवा. पीटीओची गती ५४० होते तेव्हा इंजिन किती आरपीएमवर असायला हवं, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. अनेक ट्रॅक्टरांच्या मीटरवरही तिथे खूण केलेली असते. त्या खुणेवर काटा ठेवून चित्रण करा, फरक लगेच कळेल.

इथे एक ताकीद. पीटीओ फिरत असताना त्याच्या दोन मीटरच्या आत कुणीही उभं राहायचं नाही. धोतराचा सोगा, साडीचा पदर, खांद्यावरचा टॉवेल, ओढणी यांतलं काहीही त्या दांड्यात अडकलं तर माणसाला हात सोडवायलाही वेळ मिळत नाही. सेकंदाला ९ फेऱ्या म्हणजे काय, ते चित्रण बघताना कळेलच.

तिसरी तऱ्हा आवाजाची. मोबाइलवर आवाजाची वारंवारता दाखवणारी फुकट अ‍ॅप मिळतात. सायलेन्सरपासून चार-पाच हात दूर मोबाइल धरला की इंजिनच्या ठोक्यांची वारंवारता हर्ट्झमध्ये दिसते. तीन सिलिंडरच्या इंजिनात एका फेरीला दीड ठोका पडतो, म्हणून हर्ट्झला ४० ने गुणलं की आरपीएम येतो. चार सिलिंडरला ३० ने. तीन सिलिंडरच्या ट्रॅक्टरवर ३७.५ हर्ट्झ दिसले तर इंजिन १५०० वर आहे. अ‍ॅप कधी कधी दुप्पट वारंवारता पकडतं. हिशेबाने आरपीएम ३००० आला तर ती अ‍ॅपची चूक समजून निम्मं करा.

लहान विमानांत हाच प्रश्न जिवाशी येतो, आणि तिथली शिस्त आपल्याला घेण्यासारखी आहे. महाराष्ट्रात बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया इथे वैमानिक घडवणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. अशा प्रशिक्षणात जगभर वापरल्या जाणाऱ्या सेसना १७२ च्या जुन्या विमानांत आरपीएमचा मीटर आपल्या जुन्या ट्रॅक्टरासारखाच, इंजिनाकडून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो. उड्डाणाआधी वैमानिक इंजिन १७०० आरपीएमवर ठेवून ठिणगी पुरवणाऱ्या दोन मॅग्नेटोंपैकी आळीपाळीने एकेक बंद करतो. फेऱ्या १२५ पेक्षा जास्त पडता कामा नयेत आणि दोन्हींतला फरक ५० च्या वर जाता कामा नये, असं जुन्या मॉडेलच्या पुस्तिकेत आहे. काटाच थरथरत असेल तर ५० चा फरक वाचणार कसा? म्हणून तिथला अभियंता इंजिन उघडत नाही. आधी समोर फिरणाऱ्या प्रोपेलरवर फोटो टॅकोमीटर धरून काटा आणि साधन यांचे आकडे जुळतात का ते बघतो. साधनात प्रोपेलरची पाती दोन की तीन हे आधी भरावं लागतं, नाहीतर आकडा चुकतो. न जुळले तर आधी केबल, मग मीटर. इंजिनची पाळी शेवटी. ट्रॅक्टरसाठी असा परवानाधारक अभियंता कुणी नेमून दिलेला नाही, तो तुम्हीच.

तुमचा मीटर कोणत्या जातीचा

डॅशबोर्डच्या मागे हात घालून बघा. मीटरच्या पाठीला बोटाएवढी जाड काळी नळी चाकीने आवळलेली असेल तर तो केबलचा मीटर. नुसत्या वायरी आणि प्लॅस्टिकचा कपलर असेल तर विजेचा. दोघांचे रोग वेगळे, म्हणून आधी एवढं बघणं भाग आहे.

केबलच्या मीटरमध्ये नळीच्या आत पोलादी तारांची पिळलेली दोरी फिरत असते. तिचं एक टोक इंजिनच्या गिअरमध्ये, दुसरं मीटरमधल्या लोहचुंबकात. चुंबक अ‍ॅल्युमिनियमच्या वाटीत फिरतो, पण वाटीला शिवत नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत वीज उमटते आणि वाटी त्याच्यामागे ओढली जाते. केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. या दोघांच्या ओढाताणीत काटा जिथे थांबतो तो आरपीएम. याच केबलवर तासांचे आकडेही फिरतात, आणि शोध घ्यायला ही गोष्ट फार उपयोगी पडते. काटा मेला आणि तासांचे आकडेही थांबले, तर केबल तुटली किंवा इंजिनकडचा गिअर झिजला. काटा मेला पण आकडे पुढे सरकताहेत, तर केबल ठीक आहे, मीटरच्या पोटात बिघाड आहे. आकड्यांची नोंद करून तासभर काम करा, म्हणजे हे नक्की होईल.

काटा कमी रेसवर थरथरतो आणि रेस वाढवली की शांत होतो, ही सगळ्यांत जास्त आढळणारी तक्रार. बहुतेक वेळा केबल कोरडी पडलेली असते किंवा कुठेतरी तिचा बाक तीव्र झालेला असतो. आतली दोरी कोरडी झाली की ती सरळ न फिरता पीळ साठवते आणि मग एकदम सोडते. काटा त्या झटक्याने उडतो. मळणीच्या हंगामात इंजिनवर चढलेला भुसा आणि आपल्या काळ्या मातीचा चिखल नळीच्या टोकातून आत जातो, त्यानेही हेच होतं.

इलाज घरी करण्यासारखा आहे. मीटरकडची चाकी हाताने सोडवा, लागली तरच पक्कड लावा. चाकी मऊ धातूची असते, तिचे आटे पटकन जातात. आतली दोरी ओढून बाहेर काढा. काही केबलींत ती इंजिनकडच्या टोकाने निघते. दोरी डिझेलमध्ये धुवा, पुसून कोरडी करा. मग दोन्ही हातांत दोन टोकं धरून, मधे मोठा यू आकार ठेवून, एक टोक चिमटीत सावकाश फिरवा. दुसरं टोक त्याच्याबरोबर सहज फिरलं तर दोरी चांगली. ते थांबून-थांबून उडी मारत फिरलं तर दोरीला मोड पडलाय. ती सरळ करायच्या नादी लागू नका, बदला. टोकाचा चौकोनी भाग झिजून गोल झाला असेल तरीही बदला.

परत बसवताना ग्रीस लावायचं, पण इथेच घोळ होतो. आपल्याकडे ग्रीस म्हणजे जितकं जास्त तितकं बरं असा समज आहे. पातळ थर द्या, तोही इंजिनकडच्या दोन-तृतीयांश लांबीला. मीटरकडची वीतभर दोरी कोरडी राहू द्या. ग्रीस फिरत-फिरत वर चढतं, मीटरमध्ये शिरतं आणि चुंबक-वाटीच्या मधल्या फटीत बसतं. मग चुंबक वाटीला थेट फिरवू लागतो आणि काटा टोकाला जाऊन अडकतो. असा अडकलेला मीटर बघितला की समजावं, मागच्या वेळी कुणीतरी हात सैल सोडून ग्रीस भरलंय. तो उघडून साफ करणं जमतं, पण केसाएवढी ती स्प्रिंग वाकली तर आकडा कायमचा बिघडतो. घड्याळाचं काम येणाऱ्या माणसाकडे द्या किंवा नवा बसवा.

नळी बसवताना कुठेही वीतभरापेक्षा कमी घेराचा बाक ठेवू नका, आणि सायलेन्सरच्या जवळून नेऊ नका. केबलची लांबी मॉडेलप्रमाणे असते. जवळपास बसते म्हणून दुसऱ्या कंपनीची आणली तर लांबी वाढली की बाक वाढतो, आणि काटा पुन्हा नाचतो. सोनपेठच्या दुकानात नेमकी मिळाली नाही तर गंगाखेड, परळी किंवा परभणीहून मागवा, पण नेमकीच आणा. जुनी केबल सोबत घेऊन जा. दुकानदाराशी तोंडी मापाचा वाद घालण्यापेक्षा ते सोपं.

विजेच्या मीटरचा मामला वेगळा. अनेक ट्रॅक्टरांत अल्टरनेटरच्या डब्ल्यू नावाच्या टोकावरून एक वायर मीटरकडे जाते. अल्टरनेटर जितका जोरात फिरेल तितक्या विजेच्या लहरी दर सेकंदाला येतात आणि मीटर त्या मोजतो. म्हणजे हा मीटर मुळात अल्टरनेटरची गती मोजतो, इंजिनची नव्हे; मधे फॅन बेल्ट आहे. बेल्ट सैल पडून घसरू लागला की अल्टरनेटर मागे पडतो आणि मीटर कमी दाखवतो. लाइट लावले, अल्टरनेटरवर भार आला, की काटा आणखी पडतो. इंजिनचा आवाज तसाच, काटा मात्र खाली आणि चार्जिंगचा दिवा मिणमिणतोय, असं दिसलं तर आणखी शोधत बसू नका. इंजिन बंद करून बेल्ट दोन पुलींच्या मधे अंगठ्याने दाबा. एक-दीड सेंटिमीटर दबला तर ठीक. त्याहून जास्त तर ताण द्या. बेल्टच्या आतल्या बाजूला काचेसारखी चमक आली असेल तर तो ताणूनही घसरेल, बदला. आणि एक विसरू नका: अल्टरनेटरची पुली कधी वेगळ्या मापाची बसवली गेली असेल तर मीटर आयुष्यभर एकाच प्रमाणात चुकीचा दाखवत राहील, स्थिर, शांतपणे. फोटो टॅकोमीटरशिवाय ते कळत नाही.

बेल्ट चांगला असूनही काटा उड्या मारत असेल तर अर्थिंग बघा. माझ्या मते विजेच्या मीटरच्या निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. परीक्षा सोपी आहे. इंजिन एका रेसवर ठेवा. हेडलाइट लावा, इंडिकेटर चालू करा, हॉर्न वाजवा. प्रत्येक वेळी काटा हलला, इंडिकेटरच्या तालावर नाचला, तर मीटरची अर्थिंगची वायर गंजलीय किंवा सैल आहे. मीटरपासून बॉडीकडे आणि बॅटरीच्या वजा टोकापासून बॉडीकडे जाणाऱ्या दोन्ही वायरींचे बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, परत घट्ट आवळा. रंगावर आवळलेली अर्थिंग ही अर्थिंगच नव्हे. बॅटरी इंजिन बंद असताना १२.५ व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना १४ च्या आसपास दाखवते का, तेही मल्टिमीटरने बघून घ्या. १५ च्या वर जात असेल तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर गेलाय आणि मीटर तर जाईलच, बॅटरीही जाईल.

आता थोडं कडू. ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरांवर डेक, चार-चार स्पीकर, रंगीत एलईडीच्या माळा आणि कर्कश हॉर्न बसवायची जी चढाओढ लागलीय, तिचं बिल पहिल्यांदा मीटर भरतो. डॅशबोर्डमागची हाताला लागेल ती वायर सोलून तिथूनच वीज घेतली जाते, वर काळी टेप गुंडाळली जाते. ती वायर मीटरची असेल तर काटा गाण्याच्या ठेक्यावर हलणारच. डेक हवाच असेल तर बॅटरीवरून स्वतंत्र वायर, स्वतंत्र फ्यूज घालून घ्या. आणि काटा नाचू लागला की पहिलं काम म्हणजे हे सगळं जोडकाम काढून बघणं.

काही ट्रॅक्टरांत फ्लायव्हीलच्या दात्यांसमोर चुंबकी सेन्सर बसवलेला असतो. एकेक दाता समोरून गेला की एक ठोका. दाते १२० असतील तर १५०० आरपीएमला सेकंदाला ३००० ठोके. सेन्सरच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटला किंवा त्याची नट सैल होऊन दात्यांपासूनचं अंतर वाढलं की ठोके गळतात, काटा पडतो. कमी रेसवर जास्त पडतो, कारण तेव्हा ठोके मुळातच मंद असतात. सेन्सर काढून पुसा, पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर बसवा. हे अंतर मिलिमीटरच्या आसपास असतं. अंदाजाने आत ढकलला तर दात्याला घासून टोक उडतं.

वायरींबद्दल शेवटचं: गोठ्यात कडब्याशेजारी ट्रॅक्टर उभा राहत असेल तर उंदीर वायरींचं आवरण कुरतडतातच. आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ट्रॅक्टर धुतल्यावर दुसऱ्या दिवशी काटा वेडा झाला, तर कपलरमध्ये पाणी शिरलंय. उघडा, वाळवा, परत लावा. एका हाताने वायरींचा जुडगा हलवत दुसऱ्याला काट्याकडे बघायला सांगितलं की तुटलेली जागा सहसा पाच मिनिटांत सापडते. फिरत्या बेल्ट-पंख्यापासून हात आणि बाही लांब ठेवा.

इंजिनच झुलत असेल तर

कानाने सांगितलं असेल की फेऱ्या खरंच वर-खाली होताहेत, तर मीटर सोडा. ठरावीक लयीत, दर दोन-तीन सेकंदांनी रेस चढत-उतरत असेल आणि नुकताच डिझेल फिल्टर बदलला असेल, तर हवा धरलीय. टाकीचं झाकण उघडून बघा. उघडताच इंजिन सरळ झालं तर झाकणाचं हवेचं छिद्र मातीने बुजलंय, एवढंच. नाहीतर फिल्टरचे वॉशर, पाइपचे जोड आणि रबरी नळ्या तपासा. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून हवा आत जात नाही, असं नसतं. ओढणाऱ्या बाजूला बारीक फटीतून हवा शिरते आणि थेंबही बाहेर पडत नाही. फिल्टरवरचा हवा काढायचा स्क्रू सैल करून हातपंपाने फेस संपेपर्यंत डिझेल जाऊ द्या, मग पंपाकडच्या स्क्रूवर तेच करा.

भार आला की फेऱ्या पडतात आणि काळा धूर निघतो, अशी तक्रार असेल तर एअर फिल्टर बघा. मळणीच्या दिवसांत तो रोज साफ करायचा असतो. तेलाच्या वाटीचा फिल्टर असेल तर वाटीत भुशाचा लगदा झालेला असतो. एवढं करूनही झुलणं थांबलं नाही तर पंपाचा गव्हर्नर अडकतोय. तिथे आपण थांबायचं. पंपावरच्या स्क्रूचं सील तोडून रेस जमवून देणारे बहाद्दर भेटतात; त्यांच्या हातात पंप देऊ नका. पंप पंपाच्या कारागिराकडेच, तोही चाचणीच्या बाकावर लावून. आणि फेऱ्या आपोआप चढतच गेल्या, रेस कमी करूनही उतरल्या नाहीत, तर कारण शोधायची ती वेळ नव्हे. तत्काळ स्टॉपचा खटका ओढा.

५० एचपीच्या वरच्या, १ जानेवारी २०२३ पासून लागू झालेल्या उत्सर्जन नियमांनुसार बनलेल्या ट्रॅक्टरांत इंजिनला संगणकच चालवतो. तिथे क्रँकच्या सेन्सरवरून आरपीएम आधी संगणकाला आणि तिथून काट्याला कळतो. काट्यासोबत इंजिनचा इशारादिवाही लागला तर स्कॅनर असलेल्या सर्व्हिस केंद्रातच न्या. अशा ट्रॅक्टरला वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीची दोन्ही टोकं सोडवा.

तासांचा हिशेब

केबलच्या मीटरवरचा तास घड्याळाचा नसतो. समजा मीटर १५०० आरपीएमला जुळवलेला आहे. मग इंजिन ७५० वर तासभर नुसतं फुरफुरत ठेवलं तर मीटरवर अर्धाच तास सरकतो, आणि २००० वर तासभर काम केलं तर एक तास वीस मिनिटं. डिजिटल मीटर मात्र बहुधा घड्याळाप्रमाणेच तास मोजतो. म्हणून केबलचा मीटर काढून डिजिटल बसवला तर जुन्या सवयीचा ऑइल बदलण्याचा हिशेब तसाच लावू नका.

केबल तुटून महिनाभर मीटर बंद राहिला तर ते तास कुठेच नोंदले जात नाहीत, आणि ऑइल मात्र काळं होत राहतं. जुना ट्रॅक्टर विकत घेतानाही हे लक्षात ठेवा. मीटरवर ९०० तास आणि क्लचचं पेडल घासून गुळगुळीत, असं दिसलं तर केबलचं वरचं टोक सोडवून बघा. चाकीवर पक्कडीचे ताजे ओरखडे बरंच काही सांगतात. मीटर बंद असलेला ट्रॅक्टर घ्यायचाच नाही असं नाही, पण मग तासांवर भाव ठरवू नका, इंजिन आणि टायर बघून ठरवा.

मीटर किंवा केबल बदलाल त्या दिवशी जुन्या मीटरवरचे तास, तारीख आणि फोटो टॅकोमीटरने पडताळलेला एक आकडा, एवढं सर्व्हिस पुस्तकाच्या पहिल्या पानावर पेनाने लिहून ठेवा, आणि यंदा बियाण्याची मळणी सुरू करण्याआधी ड्रमची पुली एकदा मोजून घ्या.